बोरहळ्ळीचं पांढरं पाणी

"वा! ताक आणलंय वाटतं," असं म्हणत हिंदुरावांनी टेबलावरच्या बाटलीकडे हात लांबवला.

नशीब, झाकण घट्ट होतं. वैजयंतीनं बाटली त्यांच्या हातून काढून घेतली, झाकण किंचित सैल केलं आणि हुंगलं. आंबट, कुबट दर्प खोलीभर पसरला. हिंदुराव दोन पावलं मागे सरकले.

"ताक घेऊन कोणी माझ्याकडे येत नाही, हिंदुराव," ती म्हणाली. "बसा मावशी. काय आहे हे?"

"गटाराचं पानी हाय," समोरची बाई म्हणाली. "शुद्ध झालेलं."

सोलापुरात सात रस्त्याला एका कापडदुकानाच्या माडीवर वैजयंतीचं ऑफिस आहे. बाहेर 'खाजगी तपास' अशी छोटी पाटी, आत दोन टेबलं आणि एक कुरकुरणारा पंखा. वैजयंती चाळिशीची, बारीक चणीची. तिची एक खोड म्हणजे समोरच्याचं बोलणं ती मधे तोडत नाही, आणि त्यामुळे माणसं नको तितकं बोलून जातात. हिंदुराव निवृत्त हवालदार, मूळचे केम गावचे. माणूस सोन्यासारखा, डोकं जरा सावकाश चालतं, पण पोटाचं घड्याळ कधी चुकत नाही.

आलेल्या बाईचं नाव चन्नम्मा. अक्कलकोटच्या पलीकडचं, कर्नाटकाला टेकलेलं बोरहळ्ळी हे तिचं गाव. अंगावर धुऊन विटलेली इरकल, कपाळावर विभूती, आणि आवाज असा की खालच्या दुकानातलं गिऱ्हाईकसुद्धा वर बघेल.

"गावात दोन भाग हायती," तिनं सांगायला सुरुवात केली. "वरची आळी आन् खालची आळी. वरच्यांच्या मोरीचं पानी उतारानं आमच्या दारात. पिढ्यान्‌पिढ्या. डास, घाण, लेकरांच्या अंगाला खरूज. मंग आमी बायकांनी पाणी समिती केली. त्यात सगळ्या बायकाच, गडी एक बी न्हाय. सरकारी अनुदानासाठी दारोदार फिरलो, ग्रामसभेत भांडलो. पैला टप्पा मिळाला. वरच्या आळीत पाइप पडले, गावाबाहेर टाकी बांधली, टाकीफुडं कर्दळीचा वाफा केला. गटाराचं पानी टाकीत निवळतंय, कर्दळीच्या मुळांतनं गाळून बाहीर पडतंय. असं नितळ की बघत बसावं!"

"आणि खालची आळी?"

"दुसऱ्या टप्प्यात. पैला टप्पा नीट चालतोय असं दाखवलं तरच दुसऱ्याचं अनुदान मिळणार. तपासायला जिल्ह्याच्या हाफिसातनं मॅडम आल्या. येळवसच्या दुसऱ्या दिवशी, न सांगता. गाडी दारात थांबली तवाच आमाला कळलं. बाहेर पडणाऱ्या पान्याची मॅडमनी एक बाटली भरली, मी बी एक भरली. आन् बगा हे!"

बाटलीतलं पाणी पांढुरकं, तळाला बोटभर साका.

"नापास," चन्नम्मा म्हणाली. "औंदाच्या दिवाळीपासून रोज बघतोय, असं पानी कधी आलं न्हाय. कुणीतरी काहीतरी ओतलंय. पुढच्या आठवड्यात जिल्ह्याची बैठक हाय. तितं हा कागद गेला की आमचं अनुदान दुसऱ्या गावाला. आमच्या आळीच्या नशिबी परत तोच चिखल. बाई, मला दुसरं काय नको. माझ्या आळीचा पाइप परत मिळवून द्या."

तिनं बाटली वैजयंतीपुढे सरकवली.

हिंदुरावांच्या मनात भलतंच काही तरी अडकलं होतं. "येळवस म्हणजे वेळ अमावास्या ना? आमच्या केमकडं हे नसतंय. करता काय त्या दिवशी?"

आता चन्नम्माचा चेहरा खुलला. "अगं बाई, येळवस ठावं न्हाय? सगळं गाव शेतात. घराला कुलूप. कडब्याची कोप, म्हंजे खोपटं करायचं, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, पूजा करायची. मंग भज्जी, उंडे, खीर, आन् आंबील. ज्वारीच्या पिठाचं, आंबट ताकातलं, लसणाचा ठेचा घातलेलं. रस्त्यानं जानाऱ्याला बी हाक मारून जेवायला बसवायचं."

"आंबील किती करता?" हिंदुरावांनी विचारलं. त्यांच्या तोंडाला पाणी सुटलेलं स्पष्ट दिसत होतं.

"घागरीनं! ती उरलीच पायजे. पाव्हण्याला कमी पडली तर करणारणीची अब्रू जाती की."

"तुमच्या गावाला आधी यायला पाहिजे होतं," हिंदुराव हळहळले.

वैजयंतीनं फक्त बाटली उचलून खिडकीच्या उजेडात धरली आणि बराच वेळ तिच्या तळाकडे बघत राहिली.

तपासणी करणारी अधिकारी होती आरोही. चिपळूणची पोरगी, सोलापुरात बदली होऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं. जिल्ह्याच्या ऑफिसात गाठल्यावर ती सरळ बोलली.

"मला वाईट वाटलं हो. त्या बायकांची मेहनत दिसते. पण डोळ्यांसमोर पांढरं पाणी पडत असताना मी पास कसं लिहू? हा बघा फोटो."

फोटोत तिनं बाटली उन्हात धरली होती. मागच्या भिंतीवर तिची सावली काळीशार, कडा अगदी रेखीव.

"तपासणी न कळवता होते का?" वैजयंतीनं विचारलं.

"हो, तोच नियम. मी खरं तर आदल्या दिवशी, सोमवारी जाणार होते. पण ऑफिसातल्या जुन्या फोनवर एक फोन आला. 'बोरहळ्ळीच्या पाणी समितीचा माणूस बोलतोय. सोमवारी गाव शेतात असतं, कुणी भेटणार नाही. मंगळवारी सकाळी या.' मला वाटलं, बरं झालं सांगितलं. तारीख बाहेर कशी फुटली याचं नवल वाटलं, पण ऑफिसात लोकांची ये-जा असते."

"पुरुषाचा आवाज?"

"हो. वयस्कर असावा."

"तुम्ही भरलेल्या बाटलीतलं पाणी शिल्लक आहे?"

"थोडं आहे, फ्रीजमध्ये."

"ते सांभाळून ठेवा. आणि बोलावलं की घेऊन बोरहळ्ळीला या."

बाहेर येताच हिंदुराव म्हणाले, "ताई, पांढरं आणि आंबट म्हणजे दूध नासल्याचं पाणी. गावात पनीरवाला कोण आहे तेवढं शोधू, केस खलास!"

"शोधू की," वैजयंती म्हणाली.

बोरहळ्ळीचं तळं गावाच्या खालच्या अंगाला होतं. तळं म्हणायचं एवढंच; तारेच्या कुंपणात एक झाकलेली टाकी आणि तिच्यापुढे कर्दळीचा लांबलचक वाफा. लाल-पिवळी फुलं डोलत होती. वाफ्याच्या टोकाला नळीतून पाणी पडत होतं, आणि आज ते खरोखर नितळ होतं.

राखणदार तिप्पण्णा खालच्या आळीचाच. उन्हानं रापलेला, आणि आता गावाच्या बोलण्यानं पार खचलेला.

"समदी मलाच बोलत्यात," तो म्हणाला. "'खालच्या आळीचा गडी ठेवला, दुसरं काय हुणार?' असं तोंडावर म्हणत्यात. टाकीच्या झाकणाला कुलूप हाय, फाटकाला कुलूप हाय, किल्ली माझ्या कमरंला. कुलूप तुटलं न्हाय, तार कापली न्हाय. मी काय ओतीन त्यात? माझंच घर चिखलात हाय की!"

"मंगळवारी सकाळी काही वेगळं दिसलं?"

तिप्पण्णा विचारात पडला. "दिसलं न्हाय. ऐकू आलं न्हाय, असं म्हणा. रोज ऊन वर आलं की ईश्वरप्पाअण्णांची मोटार चालू हुती. हे बाहेर पडनारं पानी तेच उचलत्यात, त्यांनीच तळ्याला जागा दिली म्हणून. त्या दिवशी मोटार गप. मॅडमची गाडी यायच्या आदीपास्नं गप. तित्तिर वरडलेलं ऐकू येत हुतं."

कुंपणाला लागूनच ईश्वरप्पांचं रान होतं. कांद्याची हिरवी पात वाऱ्यावर हलत होती आणि बांधावर सौरपंपाची निळी तावदानं सूर्याकडे तोंड करून उभी होती.

"हे बेस आहे," हिंदुराव कौतुकानं म्हणाले. "बिल नाही, लाइटची वाट बघणं नाही. आणि कांदाही झकास आलाय."

"औंदा झकास," तिप्पण्णा म्हणाला. "गेल्या साली येळवसनंतर रोपं जळून बसली हुती त्यांची. दुबार लागण केली. तवा मी वीटभट्टीवर हुतो, पण लावणीला माझी बायको हुती."

"तेव्हा तळं झालेलं होतं?" वैजयंतीनं विचारलं.

"नुकतंच झालंतं. राखणीला कुनी नव्हतं."

"आणि दुसरा टप्पा झाला, की हे पाणी कुणाचं?"

"आमच्या आळीच्या बायकांचं. रोपवाटिका काढणार हायती. ग्रामसभेत ठराव झालाय की."

हिंदुरावांनी नुसतीच मान डोलावली. त्यांचं सगळं लक्ष पनीरवाल्याकडे लागलेलं होतं.

पनीरवाला निघाला शिवराज. तिशीतला, अंगात टी-शर्ट, हातात मोबाइल. गावातलं दूध गोळा करून तो पनीर करायचा आणि सोलापूरच्या हॉटेलांना द्यायचा.

"मला ठाऊकच होतं तुम्ही इकडं येणार," तो तडकून म्हणाला. "पांढरं पाणी दिसलं की शिवराज! अहो, पनीरचं पाणी मी म्हशींना पाजतो. पेंडीत मिसळलं की दूध वाढतं. सोन्यासारखी वस्तू गटारात ओतायला मी खुळा हाय का?"

"येळवसला काय केलंत?" हिंदुरावांनी पोलिसी आवाज काढला.

"काय करणार? सगळं गाव शेतात. ज्यानं त्यानं आपलं दूध घरच्या खिरीत घातलं. दूध गोळाच झालं नाही तर पनीर कसलं? दुसऱ्या दिवशी दुपारी भट्टी पेटवली."

"त्या पाण्याची एक बाटली द्याल?" वैजयंतीनं विचारलं.

"दोन घ्या की! एक ह्या पोलिसांना पाजा."

हिंदुराव लालबुंद झाले. वैजयंतीनं हसू दाबत बाटली पिशवीत टाकली.

ईश्वरप्पांचं घर वरच्या आळीत, दगडी ओट्याचं. माणूस साठीचा, पांढरं धोतर, गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग, बोलणं साखरेत घोळलेलं. चहा आला, शेंगाचटणी आली, कडक भाकरी आली. हिंदुरावांचं मत तिथेच बदललं. इतका भला माणूस पंचक्रोशीत नसावा, असं त्यांनी मनात नोंदवून टाकलं.

"जागा मीच दिली की हो तळ्याला," ईश्वरप्पा म्हणाले. "चन्नम्मा माझ्या बहिणीसारखी. तिची धडपड बघून मला लई अभिमान वाटतो. पण नशीब बघा कसं असतंय. येळवसलाच मॅडम आल्या असत्या तर गाव मोकळं, पाणी कसं चकचकीत! एक दिवस इकडं-तिकडं झालं आन् घोळ झाला."

"तुमचं मॅडमशी कधी बोलणं झालं होतं?"

"छे, छे. आपला काय संबंध? ते सगळं बायकांची समिती बघती."

"त्या सकाळी तुमची मोटार बंद होती म्हणे."

"व्हय, आभाळ आलंतं ना. सूर्यावरची मोटार, ऊन न्हाय तर पाणी न्हाय." ते हसले. "तुमी अजून एक भाकरी घ्या की, हवालदारसाहेब."

हिंदुरावांनी घेतली.

दोघं परतायला निघाले. सोलापुरात शिरल्यावर वैजयंतीनं एकदम सांगितलं, "नवी पेठेत उतरा आणि मेडिकलमधून जखमेला लावायचं आयोडीन आणा."

"कुणाला लागलं?"

"अजून कुणाला नाही," ती म्हणाली. "रविवारी लागेल."

रविवारी बोरहळ्ळीत बसवेश्वराच्या देवळापुढच्या पारावर गाव जमलं. वरची आळी एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला, मधे मोकळी जागा. बायका पुढे बसल्या होत्या. आरोही आपली बाटली घेऊन आली होती. ईश्वरप्पा पारावर, तक्क्याला टेकून. तिप्पण्णा मागे, उभाच.

वैजयंतीनं पारावर तीन वाट्या मांडल्या.

"पहिल्या वाटीत शिवराजच्या पनीरचं पाणी. दुसरीत चन्नम्मामावशींनी भरलेल्या बाटलीतलं पाणी, तिसरीत आरोहीमॅडमच्या. तिन्ही पांढुरकी, तिन्ही आंबट. आता बघा."

तिनं प्रत्येक वाटीत आयोडीनचे थेंब टाकले. पहिल्या वाटीतलं पाणी पिवळट तपकिरी झालं, बस्स. दुसरी आणि तिसरी वाटी बघता बघता निळी-काळी झाली. गर्दीतून "अगं बया!" असा आवाज उठला.

"शाळेत शिकलेले ओळखतील," वैजयंती म्हणाली. "पीठ असलं की आयोडीन निळं होतं. पनीरच्या पाण्यात पीठ नसतं. म्हणजे शिवराज सुटले."

"मी सांगत होतो की!" शिवराज ओरडला.

"तर मग पीठ कुठून आलं? तेही आंबट ताकातलं? टाकीचं कुलूप शाबूत, फाटक शाबूत. तळ्यावर कुणी काही ओतलेलं नाही. मग टाकीत शिरायला एकच वाट उरते. गावातले पाइप." ती थांबली आणि बायकांकडे वळली. "मला एक सांगा. येळवसला जिची आंबील कमी पडली, अशी कुणी आहे का इथे?"

बायकांच्यात हसू फुटलं. कमी पडली? कुणाची? एकही हात वर झाला नाही. एक म्हातारी तर रागावून म्हणाली, "चंद्रव्वाच्या घरची आंबील आजवर कमी पडली न्हाय आन् पडणार बी न्हाय!"

"म्हणजे सगळ्यांची उरली. मग उरलेली गेली कुठे?"

हसणं एकदम बंद झालं. कुणी पदर नीट केला, कुणी जमिनीकडे बघितलं. वरच्या आळीतल्या बायका एकमेकींचे चेहरे न्याहाळू लागल्या. आपण कबूल केलं तर दोष आपल्या माथी, अनुदान बुडवल्याचं खापर आपल्या डोक्यावर. कोण बोलणार?

चन्नम्मा उभी राहिली. ती खालच्या आळीतली. तिच्या घराला पाइपच नव्हता. तरी तिनं हात वर केला.

"मी माझ्या जावेकडं, वरच्या आळीत, घागर धुतली," ती म्हणाली. "तिच्या मोरीत ओतली. शेतातनं आलो, अंधार पडला हुता, दमलो हुतो. वाटलं, एका घागरीनं काय हुतंय?"

 मग त्या म्हाताऱ्या चंद्रव्वानं हात वर केला. "मी बी ओतली." तिच्या सुनेनं केला. मग वरच्या आळीतली आणखी एक, दुसरी, आणि मग हात मोजायची सोयच राहिली नाही. बांगड्यांचा आवाज तेवढा येत राहिला. वरच्या आळीतली सगळीच्या सगळी बाईमाणसं हात वर करून बसली होती. हिंदुरावांनी पोलिसातल्या नोकरीत इतक्या माणसांनी एका दमात गुन्हा कबूल केलेला कधी पाहिला नव्हता.

"हात खाली घ्या," वैजयंती हळू आवाजात म्हणाली. "हा गुन्हा नाही, ही सवय आहे. पूर्वी उरलेली आंबील उघड्या गटारात जायची, कुत्री चाटायची, उन्हानं वाळायची. आता पाइप आहे. वरच्या आळीभरच्या घागरी एका संध्याकाळी एकाच टाकीत उतरल्या. कर्दळ बिचारी रोजचं पाणी गाळते. गावजेवण कसं गाळेल?"

"म्हणजे यंत्रणा बिघडलेली नाही," आरोही पुटपुटली.

"नाही. वर्षातल्या एका सकाळी पाणी असं होतं. नेमक्या त्याच सकाळी तुम्ही इथे उभ्या होतात. का? तर एका माणसानं तुम्हाला तीच सकाळ सुचवली म्हणून."

आता सगळे ताठ बसले.

"आंबिलीत कुणाचा दोष नाही. तारखेत आहे. फोन करणारा म्हणाला, मी पाणी समितीचा माणूस. या समितीत सगळ्या बायकाच आहेत, गडी एकही नाही. मग हा माणूस कोण? ज्याला आधीच माहीत होतं की येळवसच्या दुसऱ्या सकाळी पाणी नासतं. तळं झाल्यापासून येळवस दोनदाच आली. गेल्या वर्षी राखणदार नव्हता, तपासणी नव्हती. ते पाणी बघितलं कुणी? जो ते उचलतो त्यानं. गेल्या येळवसनंतर ज्याची कांद्याची रोपं बसली आणि ज्याला दुबार लागण करावी लागली, त्यानं."

हिंदुरावांच्या डोक्यात उजेड पडू लागला. त्यांनी पारावरच्या तक्क्याकडे बघितलं.

"यंदा त्यानं चूक केली नाही. मंगळवारी सकाळी, पाणी नासलंय हे गावात कुणालाही कळायच्या आधी, त्यानं मोटार बंद ठेवली. मला सांगितलं की आभाळ आलं होतं. आरोही, तुमचा फोटो दाखवा. भिंतीवर सावली अशी काळीशार, कडा रेखीव. आभाळ असतं तर सावली कुठली? आणखी एक. तपासणी आधी येळवसलाच ठरली होती, हे मॅडमना ठाऊक होतं आणि फोन करणाऱ्याला. समितीला तपासणीचीच खबर नव्हती. पण या गावात एक गृहस्थ मला भाकरी वाढताना म्हणाले, 'येळवसलाच आल्या असत्या तर पाणी चकचकीत. एक दिवस इकडं-तिकडं झालं.' तारीख एक दिवसानं सरकली, हे तुम्हाला कुणी सांगितलं, ईश्वरप्पा?"

ईश्वरप्पा तक्क्यावरून पुढे आले.  गळ्यातलं लिंग हातात धरून ते बसले. त्या गावात लिंग हातात धरून खोटं बोलत नाहीत, आणि ते बोललेही नाहीत.

"हाफिसात कानावर आलं हुतं," ते शेवटी म्हणाले. "मी काय ओतलं न्हाय. कुणाचं वाईट..." मग आवाज चढला. "जागा माझी! कुणी दिली नव्हती तवा मी दिली. आन् दुसरा टप्पा झाला की पाणी ह्यांच्या रोपवाटिकेला? माझ्या कांद्यानं काय करायचं?"

शिवराज ताडकन उठला. मागे दोघेतिघे बाह्या सरसावू लागले. चन्नम्मानं हात आडवा केला.

"बसा खाली," ती गरजली, आणि गडी बसले. मग ती पाराकडे वळली. "अण्णा, जागा तुमी दिली. ते आमी इसरलो न्हाय, इसरणार न्हाय. पण ते पानी तुमच्या जागंत उगवत न्हाय. ते ह्या बायांच्या मोरीतनं येतंय. भांडी घासून, कपडे धुऊन, लेकरं न्हाऊ घालून येतंय. आन् अनुदान म्हंजे कुणी आमच्या पदरात टाकलेली भीक न्हाय. सरकारचा पैसा म्हंजे आमचा बी पैसा हाय. तुमाला पानी कमी पडतंय तर समितीत येऊन मागा. आमची आंबील पाव्हण्याला कधी कमी पडली न्हाय. पानी का कमी पडंल?"

ईश्वरप्पांनी मान खाली घातली ती वर काढली नाही.

आरोही उठली. "एका सणाच्या पाण्यावरून वर्षाचा निकाल लावणं बरोबर नाही. फेरनमुना घेण्याची मुभा मला आहे. आज घेते, आणि पुढचे दोन दिवसही घेईन. पण प्रयोगशाळेचा निकाल येईपर्यंत मी शब्द देणार नाही."

"शब्द नकोच," चन्नम्मा म्हणाली. "पानी बघा."

सगळं गाव तळ्यावर लोटलं. तिप्पण्णानं कमरेची किल्ली काढली आणि फाटक उघडलं. आरोहीनं बाटली नळीखाली धरली, भरली, आणि उन्हात उचलली. बाटलीतून पलीकडची कर्दळीची फुलं लाल दिसत होती. मागून कुणीतरी "बोला बसवेश्वर महाराज की" म्हणालं आणि उरलेला जयघोष वरच्या आणि खालच्या आळीनं मिळून पुरा केला. तिप्पण्णा रडत होता आणि आपण रडतोय हे त्याला लपवायचंही नव्हतं.

तिन्ही नमुने पास झाले. बैठकीत बोरहळ्ळीचा दुसरा टप्पा मंजूर झाला. समितीनं ठराव केला की येळवसची उरलेली आंबील जनावरांच्या पेंडीत जाईल आणि घागरी शेतातच विसळल्या जातील. सगळ्या जिल्ह्याला पाठवाव्यात अशा सूचना आरोहीनं त्या ठरावावरून लिहिल्या, आणि खाली 'बोरहळ्ळी पाणी समिती' असं नाव टाकलं.

पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात वैजयंती आणि हिंदुराव पुन्हा बोरहळ्ळीला गेले. चन्नम्माच्या लेकीचं, सिद्धेश्वरीचं लग्न होतं. हिंदुराव वरच्या आळीकडे वळले, कारण गावातली सगळी लग्नं देवळापुढच्या मैदानात लागतात असं त्यांनी ऐकलं होतं.

"तिकडं कुटं?" तिप्पण्णानं हाक मारली. "मांडव खाली हाय!"

खालच्या आळीत या टोकापासून त्या टोकापर्यंत मांडव पडला होता. जमीन शेणानं सारवलेली, दारोदारी रांगोळ्या. म्हातारी माणसं सांगत होती की या आळीत दारात मांडव पडलेला त्यांनी जन्मात पाहिला नव्हता; आळीतल्या प्रत्येक लेकीचं लग्न चिखलापायी दुसऱ्याच्या दारात लागलं होतं. आता पंगत बसली होती आणि पत्रावळ्या थेट जमिनीवर मांडलेल्या होत्या.

आळीच्या तोंडाशी ईश्वरप्पा उभे होते. आमंत्रण होतं म्हणून आले होते, पण पाऊल पुढे पडत नव्हतं. लोक बघत होते. हिंदुरावांनीही घास हातातच धरला.

चन्नम्मा वाढता वाढता थांबली. बादली खाली ठेवली, पदराला हात पुसले, आणि स्वतः जाऊन त्यांना हाताला धरून आणलं. पंगतीच्या मधोमध एक पत्रावळ मांडली.

"बसा की अण्णा," ती म्हणाली. "जमीन कोरडी हाय."